जनसंपर्काचा आद्य पुरुष : आयव्ही ली

(द्वितीय वर्ष कला)

वकील काय करतो, डॉक्टर काय करतो, मास्तर काय करतो हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगता येते. परंतु जनसंपर्क अधिकारी काय करतो असे विचारले तर भले भले सुशिक्षित लोकही क्षणभर थांबतात. कोणी म्हणतो जाहिराती देतो, कोणी म्हणतो पाहुण्यांना हार घालतो, कोणी म्हणतो वर्तमानपत्रवाल्यांना चहा पाजतो. आणि तरीही आपण सकाळी जे वर्तमानपत्र उघडतो, त्यातल्या कितीतरी बातम्यांचा पहिला मसुदा कोणत्या ना कोणत्या जनसंपर्क विभागातल्या टेबलावर तयार झालेला असतो. कारखाने, बँका, रेल्वे, सरकारी खाती, रुग्णालये, विद्यापीठे या साऱ्यांना आज असा विभाग लागतो. ज्या पेशाचा आपल्या समजुतीवर एवढा परिणाम होतो, तो सुरू कोणी केला आणि तो सुरू करणारा माणूस होता तरी कसा, हे जाणून घेणे अगत्याचे नव्हे काय?

माझ्यापुरते बोलायचे तर हे कुतूहल निव्वळ पुस्तकी नव्हते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांसाठी एका मोठ्या कारखान्याच्या जनसंपर्क विभागात माझी उमेदवारी ठरली. हल्ली तिला सारे इंटर्नशिप म्हणतात. मला मात्र उमेदवारी हा जुना शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात उमेद आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझे आईवडील कैक वर्षे ऊसतोडीला गेलेले. त्यामुळे ऑफिस म्हणजे काय, तिथे बसावे कसे, कोणाला साहेब म्हणावे आणि कोणाला सर, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. आईने तिथे नेमके काय काम करायचे असते म्हणून विचारले, तेव्हा मला चार वाक्येही धड जुळवता येईनात. माझी ही घालमेल आमच्या सरांनी ओळखली. त्यांनी उपदेश न करता ग्रंथालयातून जनसंपर्काच्या इतिहासाचे एक पुस्तक काढून हाती ठेवले आणि आयव्ही लीवरचे प्रकरण आधी वाच, मग कामाला जा, एवढेच सांगितले. ते प्रकरण वाचून झाल्यावर त्या माणसाविषयी मिळेल ते मी वाचत गेले. त्या वाचनातून उभे राहिलेले त्यांचे चरित्र मी इथे मांडत आहे.

आयव्ही लेडबेटर ली यांचा जन्म 16 जुलै 1877 रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सीडरटाऊन या गावाजवळ झाला. वडील जेम्स वाइडमन ली हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. दक्षिणेकडचा तो सारा मुलूख युद्धात होरपळलेला, दरिद्री झालेला होता. अशा वातावरणात शब्दांनी माणसांची मने वळवणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशा वडिलांच्या घरी ली वाढले. दोन वर्षे एमरी महाविद्यालयात काढून ते उत्तरेकडे प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. तिथे विद्यार्थ्यांच्या दैनिकात त्यांनी काम केले आणि बाहेरच्या वृत्तपत्रांना बातम्या पुरवून चार पैसे मिळवले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन त्यावेळी प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते. 1898 साली ली पदवीधर झाले. कायद्याचे शिक्षण घ्यावे अशी इच्छा होती, पण पैशापुढे ती टिकली नाही. शेवटी ओळखीपाळखी नसलेला हा खेड्याकडचा तरुण न्यूयॉर्कला आला आणि वार्ताहर झाला.

न्यूयॉर्क टाइम्स, वर्ल्ड अशा वृत्तपत्रांत त्यांनी काम केले. त्यांच्या वाट्याला मुख्यतः बँका, शेअरबाजार आणि उद्योगधंदे यांच्या बातम्या आल्या. इथे त्यांना एक गोष्ट जवळून दिसली. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक वार्ताहरांना दारातही उभे करीत नसत. आपला धंदा ही आपली खाजगी बाब, लोकांचा तिच्याशी संबंध काय, अशी त्यांची ठाम समजूत. दुसऱ्या बाजूला ते दिवस शोधपत्रकारितेच्या भराचे. आयडा टार्बेल या लेखिकेने जॉन डी. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीची अंडीपिल्ली मासिकातून बाहेर काढली होती. मालक बोलत नाहीत आणि वृत्तपत्रे तर लिहिणारच. मग लोक वृत्तपत्रांवर विश्वास ठेवतात. या दोहोंच्या मध्ये एक रिकामी जागा आहे, हे ली यांनी हेरले. 1901 साली कॉर्नेलिया बिगेलो यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. वार्ताहराच्या पगारात संसार ओढणे कठीणच होते. 1903 साली त्यांनी नोकरी सोडली आणि न्यूयॉर्कचे महापौर सेथ लो यांच्या निवडणूक प्रचाराचे काम पत्करले. लो निवडणूक हरले, पण ली यांची वाट ठरली.

पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी विभागात ली यांची जॉर्ज पार्कर या वयाने व अनुभवाने मोठ्या पत्रकाराशी गाठ पडली. दोघांनी मिळून पार्कर अँड ली ही संस्था काढली. काही वर्षांतच ती मिटली. परंतु तेवढ्या काळात ली यांनी जे दोन प्रयोग केले, त्यांनीच त्यांचे नाव इतिहासात राहिले.

पहिला प्रयोग कोळसा खाणींचा. 1902 साली पेनसिल्व्हेनियातील अँथ्रासाइट कोळशाच्या खाणींत मोठा संप झाला होता. कामगारांचे पुढारी जॉन मिचेल हे वार्ताहरांशी मोकळेपणाने बोलत. खाणमालक मात्र अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशीसुद्धा ताठ्याने वागले. साहजिकच जनमत कामगारांकडे झुकले. 1906 साली पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली तेव्हा मालकांनी शहाणपण शिकून ली यांना बोलावले. ली यांनी त्यांच्या वतीने वृत्तपत्रांना माहिती देण्यास आरंभ केला आणि त्याचबरोबर संपादकांना उद्देशून आपल्या कामाच्या तत्त्वांचे एक छोटेसे निवेदन पाठवले. त्याचा आशय असा : आमची ही कचेरी गुप्त नाही, आमचे सर्व काम उघड चालते, आम्ही बातमी देतो, जाहिरात नव्हे, आणि आमचा मजकूर जाहिरातीच्या खात्यात शोभेल असा वाटला तर तो छापू नका, आमची माहिती अचूक असेल, अधिक तपशील हवा असल्यास तत्परतेने पुरवू, आणि कोणाही संपादकाला त्यातले विधान पडताळून पाहायचे असेल तर आम्ही आनंदाने साहाय्य करू. आज या गोष्टी साध्या वाटतात. पण त्याकाळी पैसे चारून, दडपून, नाहीतर खोट्या नावाने मजकूर छापून आणण्याची रीत सर्रास होती. त्या पार्श्वभूमीवर हे निवेदन म्हणजे एका नव्या पेशाचा जाहीरनामाच होता.

दुसरा प्रयोग रेल्वेचा. पेनसिल्व्हेनिया रेलरोड ही अमेरिकेतील एक बलाढ्य कंपनी. 28 ऑक्टोबर 1906 रोजी तिच्याच अखत्यारीतील मार्गावर अटलांटिक सिटीनजीक विजेवर चालणारी गाडी खाडीवरच्या उघडझाप होणाऱ्या पुलावरून रूळ सोडून पाण्यात कोसळली. 53 माणसे बुडाली. त्यावेळच्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता असा की अपघात झाला की तोंडाला कुलूप घालायचे आणि वार्ताहरांना घटनास्थळी फिरकू द्यायचे नाही. ली यांनी नेमके उलट केले. कंपनीच्या वतीने घटनेचे निवेदन तयार करून ते सर्व वृत्तपत्रांना एकाच वेळी दिले. न्यूयॉर्क टाइम्सने ते जसेच्या तसे छापले. जगातील पहिले प्रसिद्धीपत्रक म्हणून त्याच निवेदनाकडे बोट दाखवले जाते. आज कोणत्याही कचेरीतून जी प्रेस नोट निघते, तिचे मूळ त्या खाडीतल्या 53 मृत्यूंपाशी आहे, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बातमी द्यायची म्हणजे कोणाचे तरी सुखदुःख कागदावर आणायचे, ही जाणीव मला पहिल्यांदा इथे झाली.

मधली दोनेक वर्षे ली लंडनमध्ये एका वित्तसंस्थेच्या कामात होते. 1912 मध्ये ते परतले आणि पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अध्यक्षांचे साहाय्यक झाले. वय पस्तीस, नाव झालेले, पगार भक्कम. एखाद्या चरित्रलेखकाने इथेच थांबून यशस्वी पुरुष म्हणून त्यांचा गौरव केला असता. परंतु ली यांच्या आयुष्याची खरी कसोटी यानंतरची आहे.

कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात कोळशाच्या खाणी होत्या. सर्वांत मोठी कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न. तिचे सर्वांत मोठे भागधारक रॉकफेलर घराणे. खाणकामगार बहुतेक ग्रीस, इटली, मेक्सिको आणि पूर्व युरोपातून आलेले गरीब लोक. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा. मजुरीचा काही भाग तर कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत. सप्टेंबर 1913 मध्ये कामगारांनी संप पुकारला. संघटनेला मान्यता द्या, आठ तासांचा दिवस करा, खणलेल्या कोळशाचे वजन आमच्या माणसासमोर करा, हवे त्या दुकानातून माल घेऊ द्या, अशा त्यांच्या मागण्या. कंपनीने त्यांना घरांतून बाहेर काढले. संघटनेने तंबू दिले आणि लडलो येथे सुमारे बाराशे माणसांची तंबूंची वसाहत उभी राहिली. त्या डोंगराळ थंडीत लेकराबाळांसह लोकांनी सारा हिवाळा तंबूत काढला. गोळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून तंबूंखाली खड्डे खणले. 20 एप्रिल 1914 रोजी राज्याचे सैनिक आणि कंपनीचे पहारेकरी यांनी वसाहतीवर गोळीबार केला आणि सायंकाळी तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बाया आणि अकरा मुले गुदमरून मेली.

हे वाचताना मला अमेरिका दिसेना. मला दिसली ती साखर कारखान्याच्या आवाराबाहेरची कोप्यांची वसाहत. दिवाळी झाली की शाळा सोडून मी आईवडिलांबरोबर तिथे जाई. पाचटाचे छप्पर, दाराशी चूल, पहाटे तीनला फडाकडे निघालेल्या बैलगाड्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत जागा सोडता येत नसे. लडलोचे कामगार चिठ्ठ्यांनी बांधलेले होते, आम्ही उचलीने. भाषा निराळी, खंड निराळा. पण कापडाच्या नाहीतर पाचटाच्या छपराखाली लेकरू निजवून कामाला जाणारी बाई सगळीकडे एकच असते.

या हत्याकांडाने अमेरिका हादरली. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर यांच्या कचेरीसमोर निदर्शने झाली. धाकट्या रॉकफेलरना आपली बाजू मांडणारा माणूस हवा होता; त्यांनी ली यांना गाठले. ली यांनी पत्रकांची एक मालिकाच सुरू केली. कोलोरॅडोतील औद्योगिक स्वातंत्र्याच्या लढ्याविषयीची तथ्ये, अशा अर्थाचे तिचे नाव होते. ही पत्रके देशभरचे संपादक, आमदार, धर्मोपदेशक, प्राध्यापक अशा वजनदार लोकांना पाठवली जात. ती तयार होत फिलाडेल्फियात, ली यांच्या हाताखाली. पण खाणमालकांच्या समितीच्या नावाने ती थेट डेन्व्हरहून टपालात पडत, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे की खाणींच्या मुलखातूनच ती आली. आठ वर्षांपूर्वी आमचे सर्व काम उघड चालते असे लिहिणाऱ्या माणसाचे हे काम होते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच होती. एका पत्रकात संपाच्या पुढाऱ्यांना संघटनेकडून मिळणाऱ्या पैशांचे आकडे दिले होते. वर्षभराचे मानधन नऊ आठवड्यांचे म्हणून छापले गेले. वाचणाऱ्याला वाटावे की कामगार उपाशी आणि पुढारी मात्र मालामाल. आकडे चुकीचे असल्याचे ध्यानात आल्यावरही दुरुस्ती वेळेवर झाली नाही. तोवर संप जवळजवळ मोडला होता. पुढे 1915 साली औद्योगिक संबंधांविषयीच्या सरकारी आयोगापुढे ली यांची साक्ष झाली. आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांनी त्यांना खोलात जाऊन विचारले. तेव्हा ली यांनी कबूल केले, की कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जी माहिती पुरवली ती आपण वापरली. ती खरी की खोटी हे आपण स्वतः तपासले नाही. याच सुमारास कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना पॉयझन आयव्ही हे नाव ठेवले. आयव्ही म्हणजे वेल, आणि पॉयझन आयव्ही ही अमेरिकेतली एक विषारी वनस्पती. तिचा स्पर्श झाला तरी अंगावर फोड येतात. हे नाव ली यांना जन्मभर चिकटले.

मात्र निष्पक्षपणे सांगायचे तर दुसरी बाजूही आहे. 1914 च्या उन्हाळ्यात ली स्वतः कोलोरॅडोला जाऊन आले. तिथे त्यांना उमगले की नुसती पत्रके वाटून हा प्रश्न मिटायचा नाही. मालक आणि मजूर यांच्यात बोलण्याची वाटच उरलेली नाही. तसे त्यांनी रॉकफेलरना कळवले. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेंझी किंग यांच्या सल्ल्याने कामगारांच्या प्रतिनिधींची एक योजना आखली गेली. सप्टेंबर 1915 मध्ये धाकटे रॉकफेलर स्वतः खाणीत उतरले, कामगारांच्या पंगतीला बसले, त्यांच्या बायकांबरोबर नाचलेसुद्धा. या दौऱ्याने रॉकफेलर घराण्याची लोकांतली प्रतिमा बदलली. कामगारांना मात्र स्वतःची स्वतंत्र संघटना त्यातून मिळाली नाही. ती लढाई पुढे कित्येक वर्षे चालली. प्रतिमा सुधारणे आणि परिस्थिती सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जनसंपर्काच्या विद्यार्थ्याने इथे लक्षात घेतले पाहिजे.

ली यांच्या त्या साक्षीचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला, म्हणून थोडे विषयांतर करते. माझ्या उमेदवारीचा पहिला पंधरवडा कात्रणे काढण्यात, ती वहीत चिकटवण्यात आणि वार्ताहरांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी नीट करण्यात गेला. फोन वाजला की माझा घसा कोरडा पडे. बाकीच्या दोन उमेदवार मुली शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या. त्या सहज हसत बोलत. तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात एका कंत्राटी कामगाराच्या अंगावर गरम द्रव उडाला. खात्याकडून चिठ्ठी आली : एक कामगार किरकोळ जखमी. त्यावरून चार ओळींची प्रेस नोट टाइप करण्याचे काम माझ्याकडे आले. किरकोळ हा शब्द टाइप करताना माझी बोटे अडली. कारण आमच्याकडे कोयत्याने बोट तुटले तरी मुकादमाच्या वहीत किरकोळच लिहिले जाई. मी धीर करून विभागाच्या मॅडमना विचारले की त्या कामगाराला कोणी पाहून आले आहे का. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मला वाटले, आपली उमेदवारी आज संपली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि शिपाईकाकांना सांगितले, हिला रुग्णालयात घेऊन जा.

रुग्णालय जवळच होते. वऱ्हांड्यात त्या कामगाराची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. नर्सबाईंनी सांगितले की पंधरा दिवस तरी तो इथून हलणार नाही. परत येऊन मी हे सांगितले. मॅडमनी वरच्या साहेबांना फोन केला. बराच वेळ बोलणे चालले. शेवटी प्रेस नोटेतून किरकोळ हा शब्द गेला आणि दोन्ही हात भाजल्याने एक कंत्राटी कामगार रुग्णालयात दाखल आहे, असे वाक्य आले. अपघात कशामुळे झाला, हे लिहायला मात्र परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीन ओळी आल्या. जग काही बदलले नाही. पण त्या तीन ओळींत खोटे एकही नव्हते, आणि त्यासाठी माझ्यासारख्या मुलीला फक्त एक प्रश्न विचारावा लागला होता. ली यांना 1914 साली हाच प्रश्न विचारता आला असता.

असो. पुन्हा ली यांच्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात अमेरिका 1917 साली उतरली तेव्हा ली यांनी रेडक्रॉस संस्थेच्या प्रसिद्धीचे काम हाती घेतले आणि त्यासाठी मोबदला घेतला नाही. जून 1917 मध्ये एका आठवड्यात दहा कोटी डॉलर जमवण्याचा संकल्प रेडक्रॉसने सोडला आणि तो पार पडला. युद्धाअखेर संस्थेची सभासदसंख्या काही लाखांवरून दोन कोटींच्या घरात गेली. हे श्रेय एकट्या ली यांचे नाही, पण त्यात त्यांचा वाटा मोठा होता. जे कसब खाणमालकांसाठी वापरले, तेच कसब जखमींसाठी वापरले तर केवढे काम होते, याचा हा पुरावा होय.

युद्धानंतर ली यांनी स्वतःची संस्था काढली. बेथलहेम स्टील, न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे असे मोठे ग्राहक त्यांच्याकडे आले. भुयारी रेल्वेच्या डब्यांत त्यांनी सबवे सन नावाचे भित्तिपत्रक लावायला सुरुवात केली. वर्तमानपत्रासारखे दिसणारे हे पत्रक प्रवाशांना गाड्यांची, गर्दीची आणि शिस्तीची माहिती देई. रोज लाखो माणसे उभ्या उभ्या ते वाचत. पुढे ली यांनी सोव्हिएत रशियाचे दौरे केले, 1928 साली त्या देशावर पुस्तक लिहिले आणि अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता द्यावी असे मत मांडले. धनिकांच्या या सल्लागाराने असे बोलावे याचे अनेकांना नवल वाटले, काहींनी संशयही घेतला. 1933 साली अमेरिकेने ती मान्यता दिली.

परंतु आयुष्याच्या शेवटी पुन्हा एकदा काळोख दाटून आला. जर्मनीतील आय. जी. फारबेन हा रसायनांचा प्रचंड उद्योगसमूह ली यांचा ग्राहक होता. 1933 साली हिटलर सत्तेवर आला. ली यांनी हे काम सोडले नाही. वर्षाला 25,000 डॉलर घेऊन ते या समूहाला सल्ला देत राहिले. जर्मनीत जाऊन नाझी पुढाऱ्यांना, खुद्द हिटलरलाही भेटले. त्यांचा सल्ला असा होता की जर्मन सरकारने अमेरिकेत छुपा प्रचार करू नये, आणि ज्यूंचा छळ अमेरिकन जनता कधीही मान्य करणार नाही हे ओळखावे. सल्ला वाईट नव्हता. पण ज्या राज्यकर्त्यांना तो द्यायचा, त्यांना सत्याची चाड नव्हती. 1934 साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे ली यांची चौकशी झाली. त्यांची साक्ष प्रसिद्ध होताच हिटलरचा प्रसिद्धीप्रमुख म्हणून वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. ज्या वृत्तपत्रांशी त्यांनी आयुष्यभर मैत्री जोडली, त्यांच्याच मथळ्यांत त्यांचे नाव असे झळकले. त्यावेळी ते मेंदूतील गाठीने आजारी होते. 9 नोव्हेंबर 1934 रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपली बाजू मांडण्याचे काम ज्याने जगाला शिकवले, त्याला स्वतःची बाजू मांडायला अवधी मिळाला नाही.

ली गेले, पण त्यांचा पेशा वाढतच गेला. त्यांचे समकालीन एडवर्ड बर्नेज यांनी 1923 साली न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्क हा विषय शिकवायला घेतला. आपल्याकडे टाटा उद्योगसमूहाने 1943 साली मुंबईत जनसंपर्क विभाग स्थापन केला, आणि 1958 साली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही या पेशातील लोकांची संस्था स्थापन झाली. आज आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलामुलींना या क्षेत्रात नोकरीची वाट दिसते. चांगले कपडे, सफाईदार बोलणे, ओळखी या गोष्टी त्यासाठी लागतात असे आपण ऐकतो, आणि ग्रामीण भागातून आलेले आपण तिथेच खचतो.

ली यांच्या चरित्रातून मी जे घेतले ते थोडे वेगळे आहे. त्यांच्याकडे बोलण्याची सफाई होती, लेखणी होती, ओळखी तर राष्ट्राध्यक्षांपर्यंत होत्या. 1906 साली त्यांनी जी तत्त्वे लिहिली, त्यांत खोट काढायला जागा नाही. उणीव राहिली ती एवढीच, की पडताळणीचे आमंत्रण त्यांनी संपादकांना दिले आणि स्वतः पडताळणी केली नाही. अटलांटिक सिटीच्या खाडीपाशी जे त्यांना साधले, ते लडलोच्या तंबूंपाशी साधले नाही. कारण तिथे माहिती पुरवणारा आणि दोषी असण्याचा संभव असलेला, दोघे एकच होते. अशा वेळी कागदावर आलेले बाजूला ठेवून तंबूत वाकून पाहणारे कोणी तरी लागते. तंबूत राहिलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, आपल्यातील ज्यांना ऑफिसच्या दारात पाय ठेवताना धडधडते, त्यांनी ती धडधड लाजिरवाणी मानू नये. आपल्या आईबापांचे आयुष्य ज्यांच्या वहीत किरकोळ या एका शब्दात मावले, त्यांच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आता आपण बसणार आहोत. तिथे बसून शब्द निवडण्याचे काम आपल्याकडे येईल. ते करण्यापूर्वी आयव्ही ली यांचे चरित्र एकदा अवश्य वाचावे : त्यांच्याकडून काय घ्यावे यासाठी, आणि काय घेऊ नये यासाठीही.